हृदयाभोवतीचे पाणी

निरोगी हृदयाच्या दुहेरी आवरणात १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. परंतु क्षयाने, मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा फुप्फुस, स्तन अथवा लसिका ग्रंथींच्या कर्करोगाने तो वाढू लागला, म्हणजे तो किती साठला यापेक्षा किती त्वरेने साठला यावर रोग्याचे प्राण अवलंबून राहतात. महिनोन्महिने सावकाश जमलेला लिटरभर द्रव हृदय सोसून नेते. एकाएकी जमलेला दीडदोनशे मिलिलिटर द्रव मात्र त्याला चहूकडून आवळून रक्त भरूच देत नाही. अशा वेळी सोनोग्राफीच्या आधाराने आवरणात सुई घालून पाणी काढणे, हाच तातडीचा इलाज. १८४० साली व्हिएन्नात फ्रांझ शू या शल्यवैद्याने तो केला, तेव्हा असे कोणतेही यंत्र त्याच्या हाताशी नव्हते.

भोकरदन, मंठा वा घनसावंगी तालुक्यातून जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात आणि तेथून सुमारे साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात रोगी न्यावा लागतो, तेव्हा आधीच खचलेले आप्तेष्ट साहजिकच विचारतात, "कॅन्सरच आहे, तर आता सुई कशाला टोचायची?" या प्रश्नामागची माया मला कळते, तरी त्यात दडलेला फैसला मला मान्य नाही. कर्करोगात पाणी पुन्हा साठण्याचा संभव फार, म्हणून काही दिवस नळी ठेवतात, क्वचित शस्त्रक्रियेने आवरणाला खिडकी पाडतात. पुढचे आयुष्य मूळ रोगावरच ठरते, हेही खरे. परंतु पहिले थोडे पाणी निघताच ज्याला आडवे पडता येत नव्हते त्याला श्वास घेता येतो, आणि त्या श्वासावरचा त्याचा हक्क उरलेल्या महिन्यांच्या मोजणीने कमी होत नाही. शिवाय कर्करोग्याच्या हृदयाभोवतीचे प्रत्येक पाणी कर्करोगाचेच नसते. किरणोपचाराने वा जंतुसंसर्गानेही ते साठते.

ज्याला कर्करोग नाही, त्याच्या बाबतीत आपल्या देशात प्रथम संशय क्षयाचा. त्यावर किमान सहा महिन्यांची औषधे आहेत, रोगी बरा होतो. मात्र पाणी निघाल्यावर बरे वाटले म्हणून मुदतीआधी औषध सोडले, तर रोग उलटतो, आणि आवरण जाड व कठीण होऊन हृदयाला कायमचे जखडण्याचे भयही राहते.

म्हणूनच काढलेला द्रव पेशींच्या आणि क्षयाच्या तपासणीस गेला की नाही, हे नातेवाइकांनी निःसंकोच विचारावे, आणि त्याचा अहवाल हाती घेतल्याखेरीज गावाकडे परतू नये.