आईवडिलांना जहाजावर नेताना



गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामात एक नवा बेत कानी येऊ लागला आहे : ‘पप्पा-मम्मीला एकदा क्रूझवर न्यायचे आहे.’ सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या पर्यटक जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हापासून हे स्वप्न मध्यमवर्गीय घरांच्याही आवाक्यात आले. पूर्वी आपल्याकडे ‘बोट’ म्हटले की भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची आगबोट, नाहीतर घरातल्या मुलाची बोटीवरची नोकरी, एवढेच आठवे. आयुष्यभर समुद्राची गाज ऐकत झोपलेली, पण पहाटेच्या गाडीने दादरला भाजी-फुले नेण्यापलीकडे फारसा प्रवास न केलेली कितीतरी वडीलधारी माणसे आपल्या वसईत आहेत. त्यांची मुले त्यांना समुद्रसफर घडवू पाहतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. तरी या निमित्ताने एक प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा : ही सफर आपण नेमकी कोणासाठी काढतो?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. ‘त्यांनी आमच्यासाठी एवढे केले, थोडे फेडायला नको का?’ भावना सच्ची आहे, पण ‘फेडणे’ हा शब्द तपासून पाहावा. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात म्हटले आहे, की देवाचे आणि आईवडिलांचे ऋण त्यांच्या योग्यतेइतके कोणालाच परत करता येत नाही. जो यथाशक्ती करतो तोच चांगला मुलगा. संत थॉमस अक्वायनस यांनीही आईवडिलांविषयीच्या कर्तव्याला वेगळा सद्गुण मानले आणि देवाच्या खालोखाल त्याला स्थान दिले. बँकेचे कर्ज फिटले की आपण त्या पायरीकडे फिरकत नाही. आईवडिलांच्या बाबतीत मनात असाच हिशेब असेल, तर तीन रात्रींची सफर हा शेवटचा हप्ता ठरेल आणि घरी परतल्यावर आपण मोकळे झालो असे वाटू लागेल. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखायला सांगते. मान हा रोज राखायचा असतो, तो एकरकमी देता येत नाही.

मान राखण्याची पहिली पायरी म्हणजे त्यांना विचारणे. तत्त्वज्ञ कांट यांनी बजावले आहे, की कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. आईला झोप लागली की नाही यापेक्षा डेकवरचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला की नाही याची काळजी अधिक वाटू लागली, तर आई आपल्या मोठेपणाचे साधन झाली असे समजावे. आपली म्हातारी माणसे विचारल्यावर ‘कशाला एवढा खर्च?’ म्हणतात. त्यात कधी संकोच असतो, तर कधी खराखुरा नकार. दोन्हींतला फरक घाईत कळत नाही. शेजारी बसून पुन्हा विचारावे लागते. कदाचित आईला वेलंकणी मातेच्या दर्शनाला जायचे असेल. कदाचित २०२४-२५ च्या प्रदर्शनाच्या वेळी जुन्या गोव्याला जाऊन संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन घ्यायचे राहून गेल्याची वडिलांना हुरहुर असेल. त्यांची इच्छा ऐकून घेऊन आपण तिकिटे मात्र आपल्या हौसेचीच काढली, तर ती भेट कोणाला दिली म्हणायची?

जायचे ठरलेच तर बारीकसारीक तपशीलही प्रेमाचाच भाग मानावेत. स्वस्तातली खोली बहुधा बिनखिडकीची असते. रात्री जाग आलेल्या वृद्धाला तिथे दिवस की रात्र कळत नाही. लक्षद्वीपला मोठे जहाज किनाऱ्यापासून दूर उभे राहते आणि लहान होडीने बेटावर जावे लागते. गुडघे दुखणाऱ्याला हे जमेल का, ते आधी पाहावे. औषधे हातातल्या पिशवीतच असावीत. जहाजावर डॉक्टर असतो, पण मोठे रुग्णालय नसते. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घराचे हप्ते, मुलांची दहावी-बारावी, बहिणीचे लग्न अशी कारणे सांगत बेत पुढे ढकलणारेही आपल्यात आहेत. कारणे खोटी नसतात. पण आपले हप्ते संपेपर्यंत वडिलांचे गुडघे आणि आईची नजर थांबत नाही. मोठे जमत नसेल तर आज जमेल ते करावे. त्यासाठी कर्ज मात्र काढू नये. क्रूझ न परवडणारा मुलगा कमी प्रेम करतो, असे कोणी समजू नये.

एक गोष्ट धर्मगुरू म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो. आईवडिलांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभू येशूने खडसावले, हे आपण मार्कच्या शुभवर्तमानात वाचतो. सणाच्या वर्गणीत नाव वर यावे म्हणून घरच्या म्हाताऱ्यांचे औषध कोणी थकवत असेल, तर ती वर्गणी आपल्या चर्चला नको. २००७ च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. सोबत मात्र कोणत्याही कायद्याने मिळत नाही.

आणि जहाजावर खरे मिळते ते सोबतच. तिथून कोणाला उठून कामाला जाता येत नाही. खोल समुद्रात फोनही बहुधा मुका होतो. वडिलांच्या चालीने चालावे लागते आणि दहादा ऐकलेली गोष्ट अकराव्यांदा ऐकावी लागते. बापाची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला समजून घे, असा बेन सिराच्या ग्रंथाचा उपदेश आहे. तो पाळायला समुद्रावर तीन दिवस पुरतात. घरी तो वर्षानुवर्षे पाळायचा असतो.

शेवटी आठवण करावीशी वाटते ती आपल्या बोटीवरच्या मुलांची. परक्यांच्या आईवडिलांना ती हसतमुखाने जेवण वाढतात, खुर्ची सरकवून देतात. त्यांचे स्वतःचे आईवडील इथे, आपल्या शेजारच्या घरात, फोनची वाट पाहत असतात. क्रूसावरून प्रभूने आपली आई सोपवली ती एका शिष्याच्या हाती. तो तिच्या पोटचा मुलगा नव्हता. आपल्या आळीत असे कोण आहे, याचा आज विचार करावा. मिस्सानंतर घरी जाताना त्या दारावर थाप मारावी आणि निदान अर्धा तास बसावे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू