अवधान आणि स्मरण

हल्ली शहरोशहरी 'माइंडफुलनेस' शिकवितात. मंडळी आम्हांस विचारतात, "महाराज, हे करावे की नाही?" जरूर करावे. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी त्याचा वर्ग काढला. श्वास येतो-जातो तो पाहावयाचा, कळ उठली तर तिच्याशी न भांडता तीही पाहावयाची. दुखणे राहते, पण त्याभोवतीची तगमग पुष्कळांची कमी होते. हा लाभ थोडा म्हणावा काय?

मूळ बौद्धांचे. पालीतील 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृति'. आपल्या नामस्मरणातही धातू तोच. पण गंमत पाहा, तेथे जे उठेल ते पाहावयाचे; येथे आठवावयाचा तो ठरलेला, विटेवर उभा. नुकताच मुलगा गेलेल्या माउलीला डोळे मिटून आत पाहा म्हटले, तर आत दुःखच बसलेले! काहींची घालमेल अशाने वाढतेही. तिच्या हाती टाळ द्या, दिंडीत शेजारी चालवा.

आणि मजुराची मजुरी थकवून कोणी शांत बसला, तर त्या शांतीचे काय करावयाचे? बुद्धांच्या अष्टांगमार्गात सम्यक् स्मृति सातवी आहे. वाचा, कर्म, आजीविका तिच्या आधी. वर्गात हा क्रम सांगतात की नाही, तेवढे विचारून घ्यावे.