सलोखा करणारा वकील

मननासाठीं : मत्तय ५:९; १ करिंथ ६:१-८

डोंगरावरील प्रवचनांत आपला प्रभु सलोखा करणाऱ्यांस धन्य म्हणतो. हें वचन आपण पुष्कळदां ऐकतों. पण बांधाचा तंटा निघाला म्हणजे तें कितीकांच्या स्मरणांत राहतें? आज आम्ही अशा एका मनुष्याचें चरित्र आपणांपुढें ठेवितों कीं, ज्याचें पोटच लोकांच्या तंट्यांवर चालत असे.

अब्राहाम लिंकन १८०९ सालीं अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत ओंडक्यांच्या खोपटांत जन्मला. नऊ वर्षांचा असतां त्याची आई वारली. शाळा त्यास सर्व मिळून एक वर्षही लाभली नाहीं. कुऱ्हाड चालवीत व मागून आणलेलीं पुस्तकें वाचीत तो वाढला. इलिनॉय संस्थानांतील न्यू सालेम गांवीं त्यानें भागीदारींत दुकान घातलें, तें बुडालें. १८३५ सालीं भागीदार मेला आणि दोघांचें कर्ज ह्याच्या शिरावर आलें. त्या सरहद्दीच्या मुलखांत ऋणको रातोरात निघून जात. पण ह्यानें पुढें अनेक वर्षें थोडें थोडें देऊन तें फेडिलें.

१८३६ सालीं त्यास वकिलीची सनद मिळाली. तेव्हांपासून न्यायाधीशाबरोबर घोड्यावर बसून तो गांवोगांवच्या कोर्टांत फिरे. उसनवारी, गुरेंढोरें, जमिनीच्या हद्दी, असे खटले त्याच्याकडे येत. सुमारें १८५० सालीं तरुण वकिलांसाठीं त्यानें कांहीं टिपणें लिहिलीं. त्यांत तो सांगतो कीं, वकिलानें फिर्याद करण्यास उत्तेजन देऊं नये. शेजाऱ्याशेजाऱ्यांत तडजोड करावी. जो खटला जिंकला असें दिसतें, तोच फी, खर्च व वेळ ह्यांत हरलेला असतो, हें त्यांस दाखवावें. ज्याच्या मिळकतीस तंटा लागतो तोच हें बोलतो! मग क्रूसावरील रक्तानें देवाशीं समेट पावलेल्या आपण किती अधिक बोलावें?

परंतु सलोखा म्हणजे दुबळ्यानें अन्याय मुकाट्यानें गिळावा असें नव्हे. गरिबीच्या दिवसांत ज्या घरीं लिंकन जेवला होता, त्या घरच्या आर्मस्ट्राँग नांवाच्या विधवेच्या मुलावर १८५८ सालीं खुनाचा खटला झाला. साक्षीदार म्हणाला कीं, चंद्र उंच होता म्हणून आपणांस सर्व दिसलें. लिंकननें पंचांग काढून त्या वेळीं चंद्र मावळतीस आला होता हें दाखविलें. मुलगा सुटला, विधवेकडून त्यानें कांहीं घेतलें नाहीं. १८५४ सालीं गुलामगिरी नव्या मुलखांत पसरविण्याचा कायदा झाला, तेव्हांही तो उगा राहिला नाहीं. १८६० सालीं तो अध्यक्ष निवडला गेला; आणि यादवी युद्ध चाललें असतां १ जानेवारी १८६३ रोजीं, बंड केलेल्या प्रदेशांतील गुलाम मुक्त आहेत असा जाहीरनामा त्यानें काढिला.

तो निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. १८४७ सालीं गुलाम बाई व तिचीं लेंकरें परत मागणाऱ्या धन्याचें वकीलपत्र त्यानें घेतलें होतें. तो खटला तो हरला, आणि देवाचे आभार कीं हरला. कोणत्याही मंडळीच्या पटावर त्याचें नांव कधीं लागलें नाहीं. निर्दोष एकच, तो आपला प्रभु. तरीही ४ मार्च १८६५ रोजीं, युद्ध संपत आलें असतां, त्यानें लोकांस विनविलें कीं, कोणाविषयीं द्वेष न धरितां विधवा व अनाथ ह्यांचा सांभाळ करावा. पुढच्याच महिन्यांत मारेकऱ्याच्या गोळीनें तो मेला.

बंधूंनो, ज्याचें नांव पटावर नव्हतें त्यानें शेजाऱ्यांस कोर्टाच्या पायरीवरून परत फिरविलें. आणि ज्यांचीं नांवें पटावर आहेत ते आपण हातभर जमिनीसाठीं भावावर समन्स काढावें काय? दोघांच्या भांडणांत शेत सावकाराच्या घरीं जातें आणि प्रभूच्या नांवास बोल लागतो.

उपदेशक बंधूंनो, तंटा कानीं येतांच दोन्ही घरीं जा. ज्याची बाजू दुबळी त्याचें आधीं ऐका, मग दोघांस एकत्र बसवा. आणि ज्याच्या मनांत भावाविषयीं कांहीं आहे त्यानें येत्या प्रभुभोजनाच्या आधीं त्याचा उंबरठा ओलांडावा. शांतीचा देव आपणां सर्वांस हें धैर्य देवो. आमेन.