वांकणें आणि मोडणें

'मोडेन, पण वांकणार नाहीं' हा बाणा आमच्या समाजांत फार मानाचा समजला जातो. बाणेदारपणाविषयीं आम्हांसही आदर आहे. परंतु जें जें वांकतें तें तें दुबळें, हा सिद्धान्त खरा नव्हे, असें एका एंजिनाच्या इतिहासावरून आम्हांस वाटूं लागलें आहे.

वेल्समधील फेस्टिनिऑग रेल्वे १८३६ सालीं डोंगरांतील पाटीचा दगड बंदरावर आणण्याकरितां सुरू झाली. रुळांमधील अंतर जेमतेम दोन फूट, आणि वळणें फार. १८६३ पासून तेथें वाफेचीं एंजिनें आलीं. पण माल वाढला तसें त्यांचें बळ अपुरें पडूं लागलें. बळ वाढवावें तर एंजिन लांब होणार, आणि लांब, ताठ सांगाडा वळणावर रुळांना घांसणार किंवा रूळ सोडणार. रॉबर्ट फेअर्ली यानें १८६९ सालीं 'लिट्ल वंडर' एंजिनानें हा पेंच सोडविला. वर लांब दुहेरी बॉयलर, आणि त्याखालीं, आपापल्या खुंटीवर फिरणारे, चाकांचे दोन स्वतंत्र गाडे. १८७० सालीं त्याची परीक्षा पाहण्यास रशियासारख्या दूरच्या देशांतूनही अभियंते आले होते. आमच्या नेरळ-माथेरान मार्गावर १९०७ सालीं धांवूं लागलेलीं एंजिनें या जातीचीं नव्हतीं. तरी त्यांच्याही टोकांच्या आंसांना वळणापुरती मोकळीक ठेवलेली होती.

येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, एंजिन वांकतें तें सांध्यांत. चाकांमधील अंतर तसूभरही बदलत नाहीं. सांधा वांकतो तो चाक रुळावर राहावें म्हणून.

कांहीं वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी वडिलांच्या आजारपणामुळें परीक्षेचा अर्ज एक दिवस उशिरां घेऊन आमच्याकडे आला. शिफारस करणें आमच्या हातीं होतें. आम्ही नियमाकडे बोट दाखविलें. त्याचें वर्ष गेलें, आणि पुढें तो परत आलाच नाहीं. त्या रात्रीं स्वतःस तत्त्वनिष्ठ समजून आम्ही स्वस्थ झोंपलों. आज वाटतें, नियम होता तो विद्यार्थ्यांचें शिक्षण सुरळीत चालावें म्हणून. तो पाळतांना आम्ही शिक्षणच रुळावरून खालीं पाडलें.

यावर कोणी म्हणेल, एकदां सवलत दिली कीं तिला अंत नाहीं. आक्षेप खोटा नाहीं. फेअर्लीच्या एंजिनांतही लवचिक सांध्यांतून वाफ गळे, आणि त्यांवर सतत नजर ठेवावी लागे. दयेचीही तीच गत आहे. एखाद्या वजनदार गृहस्थाच्या मुलासाठीं विनाकारण हीच तारीख हलविली असती, तर तें चाकांमधील अंतर बदलणें झालें असतें. दोहोंतील भेद प्रत्येक वेळीं नव्यानें पारखावा लागतो. ताठ राहणाऱ्याचे ते श्रम वांचतात, इतकेंच. आमचा ताठपणा ही तत्त्वनिष्ठा होती, कीं त्या श्रमांचा कंटाळा, हें आम्ही अद्याप स्वतःस विचारीत आहों.