'ध'चा 'मा' आणि 'वालेन्स्टाईन'

संकल्प आणि कृती यांमधील अंतर हे माणसाच्या स्वातंत्र्याचे क्षेत्र होय, असे नीतिविचारात सामान्यतः गृहीत धरले जाते. जे केवळ मनात आले, त्याचा दोष कोणी देत नाही. फ्रीडरिश शिलरची 'वालेन्स्टाईन' ही नाट्यत्रयी (प्रथम प्रयोग १७९८-९९) या गृहीतकाचीच परीक्षा घेते.

तीस वर्षांच्या युद्धातील हा शाही सेनापती सम्राटाच्या शत्रूशी, स्वीडनशी, गुप्त बोलणी करतो. तिसऱ्या नाटकातील स्वगतात त्याला प्रश्न पडतो : ज्या विचाराशी आपण केवळ खेळलो, तो आता कृतीत उतरवणे भागच आहे काय? स्वगत प्रामाणिक आहे. मात्र आधीचे नाटक त्याच्याविरुद्ध साक्ष देते. 'पिकोलोमिनी'मध्ये मेजवानीपूर्वी अधिकाऱ्यांना सम्राटनिष्ठेचे कलम असलेला मसुदा दाखवला जातो आणि जेवणानंतर ते कलम गाळलेल्या प्रतीवर त्यांच्या सह्या घेतल्या जातात. ही लबाडी हस्तकांची. वालेन्स्टाईनने फक्त बिनशर्त लेखी हमी मागितली. ती कशी मिळवायची, हे त्यांच्यावर सोपवले.

मराठी वाचकाला येथे एक परिचित दस्तऐवज आठवावा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांनी 'धरावे' असे लिहिले होते, आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, अशी आख्यायिका आहे. या आख्यायिकेचे नैतिक कार्य उघड आहे : सारा अपराध एका अक्षरात कोंडायचा आणि ते अक्षर एका स्त्रीच्या माथी मारायचे. रामशास्त्री प्रभुण्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते राघोबांना. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ने (१९०९) हा न्याय रंगभूमीवर अविस्मरणीय केला. त्याचा अन्वयार्थ असा लावता येतो, की अक्षरबदल खरा मानला तरी शस्त्रधारी गारद्यांच्या हाती 'धरावे' देणाऱ्यानेच 'मारावे'ला जागा करून दिली होती.

मग प्रत्येक दुष्ट विचार हा अपराधच मानायचा काय? तसे नव्हे. सामान्य माणसाचा विचार त्याच्यापाशीच राहू शकतो. सेना बाळगणाऱ्याचा विचार इतरांची आशा, भीती आणि पगार होऊन बसतो. म्हणूनच शिलर आरंभी 'वालेन्स्टाईनची छावणी' ठेवतो. तीत नायक दिसत नाही. दिसतात त्याचे सैनिक, आणि त्यांनी नागवलेला, आता लबाडीच्या फाशांनी त्यांच्याकडूनच काही परत मिळवू पाहणारा शेतकरी. हा शेतकरी वऱ्हाडला अनोळखी नाही. मालेगाव-वाशीमचा मुलूख त्या काळी निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अंमलाखाली होता. राघोबांचा पक्ष घेणाऱ्या जानोजी भोसल्यांवर थोरले माधवराव चालून आले आणि १७६९ मध्ये कनकापूरचा तह झाला. पुण्यातील भाऊबंदकीच्या फौजा अशा रीतीने वऱ्हाडात पोचल्या. मराठी ऐतिहासिक नाटक मात्र बहुधा वाड्याच्या आतच घडते. त्यामुळे तेथे अपराध कुटुंबाचा ठरतो, मुलखाचा राहत नाही.

शिलर विजेत्यालाही सूट देत नाही. १६३४ मध्ये एगर येथे वालेन्स्टाईनची हत्या होते. त्याचा विश्वास संपादून त्याच्याविरुद्ध सम्राटाचे काम करणारा ऑक्टाव्हिओ म्हणतो, की या कृत्यात आपला हात नाही. हत्या घडवणारा बटलर त्याला सुनावतो, की तुम्ही जे सिद्ध केले तेच मी तडीस नेले. पाठोपाठ सम्राटाचे पत्र येते. त्यात ऑक्टाव्हिओला 'प्रिन्स' ही पदवी दिलेली असते. या पत्रातले एकही अक्षर कोणी बदललेले नाही.