पेल्यांतील न्याहारी

गीतेच्या पंधराव्या अध्यायांत वैश्वानर अग्नि चतुर्विध अन्न पचवितो असें म्हटलें आहे, आणि त्यावरील भाष्यांत आचार्यांनीं ते चार प्रकार भक्ष्य, भोज्य, लेह्य व चोष्य असे सांगितले आहेत. यांत केवळ पिण्याच्या वस्तूस स्थान नाहीं. अर्थात् हें एका श्लोकावरील भाष्य आहे, पाकशास्त्राचा ग्रंथ नव्हे. त्यावरून प्यालेलें तें अन्नच नव्हे असा सिद्धान्त कोणी काढूं लागेल, तर तान्ह्या मुलानें जन्मापासून उपाशी राहावें असें म्हणण्याची पाळी येईल. तथापि अन्नाची व्याख्या करतांना तें खाण्याच्या क्रियेवरून करावी, पोटांत गेल्यानंतर त्याचें काय होतें यावरून नव्हे, ही जी दृष्टि त्या वर्गीकरणांत आहे, ती आज पुन्हां तपासून पाहण्याजोगी आहे खास.

ही शंका मनांत येण्याचें कारण आमच्या गांवींच आहे. ‘जालना सोनेका पालना’ असें ज्या पेठेविषयीं म्हणत, ती आज लोखंडी सळ्यांची आणि बियाण्यांची पेठ म्हणून ओळखली जाते. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें बियाण्यांचा उद्योग उभारला व १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. येथील मोसंबीस आणि अलीकडे २०२४ सालीं दगडी ज्वारीस भौगोलिक मानांकन लाभलें. म्हणजे या जिल्ह्याचें अन्नाशीं नातें केवळ खाणाऱ्याचें नाहीं, पिकविणाऱ्याचें आहे. अशा गांवांत पहाटे पोलीस-भरतीसाठीं धावणारीं मुलें, व्यायामशाळेंतून घामाघूम होऊन निघणारे व्यापाऱ्यांचे चिरंजीव, आणि सात वाजतां वर्गांत हजर होणारे आमचे विद्यार्थी, यांच्यापैकीं पुष्कळांची न्याहारी आतां एका प्लास्टिकच्या पेल्यांत मावते. चमचाभर पूड, पाणी अथवा दूध, झांकण लावून दहा-बारा हिसके, आणि उभ्या उभ्या घेतलेले चार घोट. यास ते प्रोटीन शेक म्हणतात. पोहे नाहींत, सुशीला नाहीं, भाकरी नाहीं. आणि बसणें तर नाहींच.

या पुडीचें मूळ मोठें मनोरंजक आहे. दुधांतील प्रथिनांचे सुमारें चार पंचमांश फाटल्यावर घट्ट होऊन वेगळे निघतात; चीज त्यांचेंच होतें. उरलेला पंचमांश खालच्या हिरवट पाण्यांत राहतो. श्रीखंडासाठीं दहीं फडक्यांत टांगलें म्हणजे जें पाणी ठिबकतें तें ह्याच जातीचें. जाणत्या गृहिणी तें कणकेंत घालीत, बाकीच्या मोरींत ओतीत. पाश्चात्य देशांत चीज करणारे कारखानदारहि पुष्कळ काळ तें डुकरांस घालीत किंवा नदींत सोडीत. पुढें तेंच गाळून व वाळवून डब्यांत भरण्याची कला साधली, आणि टाकाऊ पाण्यास किलोमागें दोन-तीन हजार रुपये मोल आलें. यांत हिणवण्यासारखें कांहीं नाहीं. उलट वाया जाणारी वस्तु उपयोगांत आणणें हा गुणच होय. पण १८३८ सालीं डच रसायनज्ञ मुल्डर यानें ज्या द्रव्यास ग्रीक भाषेंतील ‘प्रथम’ या अर्थाच्या शब्दावरून नांव दिलें, त्याचें प्रथमत्व आमच्या तरुणांच्या मनांत इतकें ठसलें आहे कीं, अन्नांतील बाकीच्या साऱ्या गोष्टी त्यांस केवळ वेष्टनासारख्या वाटूं लागल्या आहेत.

हिशेबाची बाजू एका परिच्छेदांत उरकतों, कारण तीवर माझा मुख्य भर नाहीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मानानें निरोगी प्रौढ माणसास शरीराच्या प्रत्येक किलोमागें दिवसास ०·८३ ग्रॅम प्रथिनें पुरेशीं आहेत. साठ किलोच्या मुलास सुमारें पन्नास ग्रॅम. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठांत तीं दहाच्या आसपास, डाळींत वीस-बावीस, शेंगदाण्यांत पंचवीस असतात. ज्वारींत जें अमिनो आम्ल उणें, तें डाळींत विपुल. डाळींत जें उणें, तें धान्यांत. भाकरी आणि वरण यांची जोडी आमच्या पूर्वजांनीं रसायनशाळेंत जमविली नव्हती, तरी ती जमली आहे. याच संस्थेनें २०२४ सालच्या आहार-मार्गदर्शनांत शरीर कमावण्यासाठीं प्रथिनांच्या पुडी घेऊं नयेत असें सांगितलें आहे. दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणांत घेतल्यास मूत्रपिंडें व हाडें यांस अपाय संभवतो असाहि इशारा दिला आहे. आमच्या शेतांतून निघणाऱ्या सोयाबीनमध्यें प्रथिनें चाळीस टक्क्यांच्या घरांत आहेत. त्याचें तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांस जाते आणि शेतकऱ्याचा मुलगा परगांवचा डबा विकत घेतो. पण समजा, उद्यां ही पूड स्वस्त झाली, निर्दोष झाली, आणि भाकरीइतकीच पोषक आहे असें निर्विवाद सिद्ध झालें. मग तरी न्याहारीच्या जागीं ती घेण्यांत कांहीं गमावलें जातें काय? आणि जातें तर त्यास नीतीच्या प्रांतांत कांहीं नांव आहे काय, कीं ती केवळ वृद्धांची हळहळ आहे?

पहिल्यानें दोन खोट्या आक्षेपांस वाट द्यावी. पूड पाण्यांत कालवून पिणें ही परकी गोष्ट आहे असें कोणी म्हणेल, तर त्यानें सातूचें पीठ आठवावें. भाजलेले गहूं व डाळें दळून, गूळ घालून, दुधांत कालविलेला सातू हा आमच्या आजीचा शेकच होता. दुसरा आक्षेप असा कीं सकाळची न्याहारी ही कुटुंबाची सनातन संस्था आहे. तीहि तशी नाहीं. शेतकऱ्याची न्याहारी दोन प्रहर काम झाल्यावर बांधावर होई. शहरांतील बैठकीची न्याहारी ही शाळा व कचेरी यांच्या घड्याळानें जन्मास घातली. महात्मा गांधींनीं जोहान्सबर्ग येथें असतांना मँचेस्टरच्या न्याहारी-विरोधी संघाची हकीकत वाचून सकाळचें खाणें सोडून दिलें होतें, आणि त्यांची डोकेदुखी गेली होती. तेव्हां जुनेपणाच्या आधारावर पोह्यांची बाजू लढवितां येणार नाहीं.

माझा आक्षेप सुकडीवरून सुचला. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील माणसें खडी फोडण्याच्या आणि तळीं खणण्याच्या कामांवर गेलीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांतील अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख लोक होते. त्यांना सुकडी वांटीत असत; भाजलेलें पीठ व गूळ यांचें सुकें मिश्रण. तीनें पुष्कळांचे प्राण वांचविले, आणि ती देणाऱ्यांविषयीं कृतज्ञता सोडून दुसरें कांहीं मनांत आणणें अनुचित होईल. पण तिची रचना कोणत्या दृष्टीनें झाली होती तें पाहा. हें शरीर आज चाललें पाहिजे, उद्यां पुन्हां हातोडा उचलावयास उभें राहिलें पाहिजे. त्यास किमान किती लागेल? लाखों लोकांचा भार शिरावर असतां सरकारास माणसाकडे असेंच पाहावें लागतें, आणि तसें न पाहणें हाच अपराध ठरला असता. आश्चर्य याचें वाटतें कीं, दुष्काळांत अधिकाऱ्यानें प्रजेकडे ज्या नजरेनें नाइलाजानें पाहिलें, त्याच नजरेनें सुकाळांतला सुस्थित तरुण आपण होऊन स्वतःकडे पाहतो. तो स्वतःस सुकडी वांटतो. वांटणारा तोच, रांगेंत उभा असलेलाहि तोच, आणि मुकादमहि तोच.

यावर कोणी म्हणेल, अन्न हें साधन आहे, तें औषधासारखें घ्यावें, ही तर आमच्या संतसज्जनांचीच शिकवण. अस्वाद हें गांधींच्या आश्रमांतील एक व्रतच होतें. आक्षेप वजनदार आहे. परंतु आश्रमांत स्वादावर कात्री चालली ती सामुदायिक स्वयंपाकघरांत. सर्वजण पंगतीस बसत, भाजी चिरण्याची पाळी प्रत्येकावर येई. व्रत जिभेविरुद्ध होतें, सोबतीविरुद्ध नव्हतें. आजच्या पेल्यांत नेमकें उलट आहे: चॉकोलेट, व्हॅनिला, आंबा अशा नाना चवींनीं जिभेचे लाड पुरविले जातात आणि पंगत तेवढी काढून टाकली जाते. संन्याशानें टाकलें तें ह्यानें ठेवलें, आणि संन्याशानेंहि जें ठेवलें होतें तें ह्यानें टाकलें.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट हा पहाटे पांचास उठे आणि पातळ चहा व एक चिलीम एवढ्यावर त्याची न्याहारी संपे, तीहि एकांतांत. पण दुपारीं तो एकटा जेवत नसे. तत्त्वचिंतन करणाऱ्या माणसानें एकट्यानें जेवणें प्रकृतीस अपायकारक आहे असें त्यानें लिहून ठेविलें आहे, आणि पंगतींतील माणसें तीनांपेक्षां कमी वा नवांपेक्षां अधिक नसावींत असा त्याचा दंडक होता. या उदाहरणानें प्रश्न अधिक नेमका होतो. सकाळच्या एका पेल्यानें घर मोडत नाहीं. दिवसांतील कोणतें तरी एक जेवण घराचें उरलें आहे कीं नाहीं, हें विचारावयास पाहिजे. आमच्या शहरांतील मध्यमवर्गीय घरांत दुपारीं प्रत्येकाचा डबा निराळा असतो, रात्रीं मुलांच्या शिकवण्या आणि दुकानाची वेळ यांमुळें ताटें एकामागून एक वाढलीं जातात. सकाळची वीस मिनिटें तेवढीं एकत्र होतीं. तींहि, खरें बोलावयाचें तर, निर्दोष नव्हतीं. ॲरिस्टॉटलनें मैत्रीच्या विवेचनांत म्हटलें आहे कीं, माणसांचें सहजीवन म्हणजे बोलण्याची व विचारांची देवघेव, गुरांप्रमाणें एका जागीं चरणें नव्हे. चौघांनीं चार मोबाइल समोर ठेवून उपमा खाणें हें दावणीवरचें सहभोजनच होय. त्यापेक्षां पेला घेऊन चालता झालेला मुलगा निदान ढोंग तरी करीत नाहीं.

गेल्या वर्षीं मंठा तालुक्यांतून आलेला एक विद्यार्थी या बाबतींत माझ्याशीं वाद घालीत होता. त्याची आई रोज पहिल्या एस्टीनें त्याचा डबा पाठवी. दोन भाकऱ्या, पिठलें किंवा एखादी कोरडी भाजी, ठेचा. भरतीची तयारी चालली तेव्हां त्यानें पुडीचा डबा आणला आणि आईस फोनवर सांगितलें कीं, आतां सकाळचा डबा नको, तुझी चार वाजतांची यातायात वांचेल. त्याचा हेतु निर्मळ होता. त्यांत कष्टाची जाणीव होती, आळस नव्हता. आई म्हणाली, ‘मग तू बरा हायेस का नाही ते मला कसं कळायचं?’ मुलास हें बोलणें अडाणीपणाचें वाटलें, कारण फोन तर रोजच होत असे. पण संध्याकाळीं परत जाणाऱ्या डब्यांत अर्धी भाकरी उरलेली दिसली म्हणजे त्यास ताप आहे, ठेचा चाटून पुसून संपला म्हणजे तो खुशींत आहे, हें ती माउली ओळखीत असे. फोनवर मुलगा ‘बरा आहे’ म्हणतो. डब्यास तसें म्हणतां येत नाहीं. ग्रॅमांच्या हिशेबांत हें टपाल कोठेंच धरलेलें नव्हतें, आणि त्या हिशेबाचा दोष मला येथें दिसतो. तो खोटा नाहीं. पण जें मोजतां येतें त्यापलीकडे कांहीं देणेंघेणें चाललेलें असतें, याची त्यास खबरच नसते.

मात्र या ठिकाणीं आम्हां पुरुष लेखकांनीं जरा जपून बोलावें. पहाटे चुलीपुढें बसण्याचें काव्य तेथें न बसलेल्यांनींच बहुधा रचिलें आहे. अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील बाई अंधारांत उठून भाकरी थापते, मग दिवसभर पुरुषाबरोबर फडांत राबते, आणि कोपीवर परतल्यावर पुन्हां चूल पेटविते. एखाद्या पुडीनें तिची तासभर झोंप वाढणार असेल, तर मी या निबंधांतील सारे आक्षेप मागें घेऊन त्या पुडीचा प्रचार करीन. परंतु तो डबा त्या कोपींत जात नाहीं. तो जातो तेथें इतर सर्वांचे पोहे व्हावयाचेच असतात. एक ताटली कमी होते, बाईचें उठणें कमी होत नाहीं. उलट घरांतील धडधाकट मुलगा स्वयंपाकाच्या कामांतून कायमचा मोकळा होतो, आणि वर आपण कोणास त्रास देत नाहीं अशी समजूत बाळगतो. आईची यातायात वांचवावयाची तर भाकरी थापण्यास स्वतः शिकणें हा मार्ग होता. खोलीवर राहणाऱ्या मुलांस तो अशक्य नाहीं, पुष्कळ मुली तो रोज चोखाळतात. हें मी त्या विद्यार्थ्यास सुचविलें तेव्हां तो हंसला. भरतीच्या धावण्यानंतर पीठ मळावयास वेळ कोठून आणूं, असें त्यानें विचारलें, आणि त्या एका वर्षापुरतें त्याचें म्हणणें मला नाकारतां आलें नाहीं.

शेवटीं तोड त्यानें व आईनें आपापसांत काढली. रविवारीं आणि गुरुवारीं डबा येतो. बाकीच्या दिवसांसाठीं ती महिन्याकांठीं सातूचें पीठ करून पाठविते. तो त्याच प्लास्टिकच्या पेल्यांत दूध घालून तें हिसकतो आणि उभ्यानेंच पितो. रविवारचा डबा मात्र तो खोलींतील दोघांना घेऊन बसून खातो, आणि रिकामा करून संध्याकाळच्या गाडीनें परत पाठवितो.