झाकण देवाचं, धूर कोणाचा?

हिवाळ्यात काठमांडूला पशुपतिनाथाच्या दर्शनाला जाऊन आलेल्या मंडळींनी विचारलं, एवढं मोठं तीर्थ, चहूकडे डोंगर, मग सकाळी घसा का जळतो, समोरचा डोंगर का दिसत नाही? त्यावर सत्संगात कुणीतरी म्हणालं, "देवाची मर्जी." हे उत्तर आम्हाला काही पटलं नाही.

काठमांडू म्हणजे एक वाटी. तळ साधारण १३०० मीटर उंचीवर, काठाला शिवपुरी, नागार्जुन, चंद्रागिरी आणि २७०० मीटरच्या वर गेलेली फुलचोकी. हिवाळ्यात रात्री जमीन गार पडते, उतारावरची थंड, जड हवा घरंगळत तळाशी येऊन बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. धूर वर जायचा, तो तिथेच अडतो. दुपारी ऊन चढलं की झाकण जरा उचललं जातं, संध्याकाळी पुन्हा बसतं. म्हणजे जप-प्राणायामाला आपण सकाळची जी वेळ सर्वांत शुद्ध मानतो, तीच तिथे श्वासाला वाईट.

हे झाकण माणसाने केलेलं नाही, कबूल. पण त्याखाली काय शिजतंय? वीटभट्ट्या, त्याही कोरड्या ऋतूतच पेटणाऱ्या. गाड्यांचा धूर, रस्त्याची धूळ, जाळलेला कचरा. प्रारब्ध आणि क्रियमाण यांची गल्लत करू नका, असं महाराज नेहमी सांगतात. इथे झाकण हे प्रारब्ध समजा, धूर मात्र रोजच्या रोज केलेलं क्रियमाण आहे.

ही गल्लत किती महागात पडते ते अमेरिकेतल्या डोनोरा गावाने पाहिलं. नदीच्या वळणावर, टेकड्यांमध्ये वसलेलं सुमारे १४,००० वस्तीचं गाव. ऑक्टोबर १९४८ च्या शेवटी असंच झाकण बसलं आणि जस्ताच्या व पोलादाच्या कारखान्यांचा धूर चार-पाच दिवस खालीच कोंडला. २० माणसं गेली, हजारो आजारी पडली. जस्ताच्या भट्ट्या रविवारी सकाळी थंड केल्या, त्याच दिवशी पाऊसही आला. पुढे कंपनीने काय म्हणावं? ही देवाची करणी! देवाचं नाव इतक्या सोयीने घेतलेलं ऐकून आम्हाला तर संतापच येतो.

आता अवघड भाग. करावं तसं भरावं, असं आपण मुलांना शिकवतो. खोऱ्यात ते दिसत नाही. गाडी एकाची, आणि दिवसभर धूर गिळतो चौकातला पोलीस, फुलं विकणारी बाई, शाळेत निघालेलं पोर. त्या पोराच्या दम्याला "पूर्वजन्मीचं" म्हणून गप्प बसणं हा आम्हाला अधर्म वाटतो. "माझ्या एकट्याने काय होतंय" हे गणित म्हणून खरंच आहे, पण प्रत्येक जण तेच म्हणत असतो ना! थंडीत रस्त्यावर झोपणाऱ्याची शेकोटी आणि आळसाने पेटवलेला प्लास्टिकचा ढीग मात्र एका तराजूत घालू नये.

काठमांडूने हातावर हात ठेवले होते असंही नाही. १९९९ मध्ये तिथे डिझेलचे विक्रम टेम्पो बंद झाले, त्यांच्या जागी बॅटरीवरचे सफा टेम्पो आले, त्यातले कित्येक बायका चालवतात. पशुपतिनाथाजवळ, बागमतीच्या काठी, लाकडाच्या चितेबरोबर विद्युतदाहिनीही आहे. त्याने कोणाची श्रद्धा बुडाली नाही. हवा अजून सुधारायची आहे, हेही खरं.

इंदूर-ग्वाल्हेरला अशी डोंगरांची वाटी नाही, पण थंडीत हवेचं झाकण तिथेही बसतं. पौषातल्या भंडाऱ्यानंतर पत्रावळी नि प्लास्टिकचे ग्लास जाळायचे की नगरपालिकेच्या गाडीत द्यायचे, आणि धुनी रात्रभर ठेवायची की आरतीपुरती, यावर आपापल्या गटात बोला. घरातल्या दमेकऱ्यांना आधी बोलू द्या. काय ठरलं ते पुढच्या गुरुवारपर्यंत कळवा.